चाकाची पकड

दिवाळीची वा उन्हाळ्याची सुट्टी लागली, की सुरतेतील उधना, लिंबायत, दिंडोली या भागांतून कितीतरी मराठी कुटुंबे व्यारा, सोनगड, नवापूर या मार्गाने खानदेशातील आपल्या गावी निघतात. गाडीत आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सारे असतात. एवढ्या जिवांचा भार वाहणारी चाके गाडीला कशाने धरलेली असतात, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. तोच आज आम्ही आपणांसमोर मांडीत आहोत.

चाक ज्या फिरत्या भागावर बसते, त्यास हब म्हणतात. हबमधून चार किंवा पाच आटे पाडलेल्या सळ्या बाहेर आलेल्या असतात. त्यांना स्टड म्हणतात. चाक त्यांवर सरकवून वरून नट पिळतात. गाडी या स्टडांवर टांगलेली असते, असा पुष्कळांचा समज आहे. पण तो बरोबर नव्हे. नट पिळला, की स्टड किंचित ताणला जातो आणि चाक हबवर दाबले जाते. या दाबामुळे उत्पन्न होणारे घर्षण गाडीचा भार पेलते. १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडावरील नट १०० न्यूटन-मीटर जोराने पिळला, तर सुमारे ४ टन वजनाइतका दाब निर्माण होतो. नट सैल पडला, की हा दाब जातो, चाक हलू लागते आणि तार पुनःपुन्हा वाकविल्याने तुटावी, तसा स्टड तुटतो.

चाके बाहेरच्या अंगास सरकवून गाडी रुबाबदार दिसावी, अशी हौस अनेकांस असते. रुंद चाक आत घासू नये, हाही कधी हेतू असतो. त्यासाठी हब व चाक यांच्यामध्ये धातूची चकती घालतात. हीच स्पेसर होय. आता थोडे गणित करू. अशा स्टडावर एका आट्यापासून दुसऱ्या आट्याचे अंतर बहुधा १.५ मिलिमीटर असते. नटाने निदान स्टडाच्या जाडीइतकी लांबी धरावी, असा कारागिरांचा दंडक आहे. म्हणजे १२ मिलिमीटर, अर्थात ८ फेरे. मूळचा नट १५ मिलिमीटर, म्हणजे १० फेरे धरीत असेल आणि मध्ये १० मिलिमीटरची चकती आली, तर उरतात ५ मिलिमीटर. साडेतीन फेरेदेखील नाहीत! तरीही पान्याला नट घट्ट लागतो आणि हाताची फसगत होते.

यावर उपाय म्हणजे चकतीच्या जाडीइतके अधिक लांब स्टड बसविणे. मूळ स्टडाच्या डोक्याजवळ बारीक दाते असतात. ते हबच्या छिद्रात रुतून बसतात. नव्या स्टडाची जाडी, आटे व दाते मूळच्याप्रमाणेच हवेत, आणि तो हातोड्याने न ठोकता दाबयंत्राने बसविला पाहिजे. चकती हबच्या मध्यावर नेमकी बसावी. खाली गंज वा माती नसावी. चकतीऐवजी वॉशरांची थप्पी तर कधीच लावू नये. नट समोरासमोरच्या क्रमाने, मापाच्या पान्याने पिळावेत व सुमारे १०० किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासावेत. थरथरीने नट कसा ढिला होतो, हे यंत्रमागावर काम करणारे आपले वडीलधारे चांगलेच जाणतात.

एवढे करूनही एक दोष उरतोच. चाक जितके बाहेर जाते, तितकी तरफेची भुजा वाढते आणि बेअरिंगवर अधिक ताण पडतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम गाडीतील फेरफारांवर बंधने घालते; म्हणून असा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

केवळ शोभेसाठी चाके सरकवू नयेत, असे आमचे प्रांजळ मत आहे. कोणी ती सरकविलीच असतील, तर गावी निघण्यापूर्वी नट स्टडावर किती फेरे घेतो, हे जाणत्या कारागिराकडून अवश्य मोजून घ्यावे. ते आठांहून कमी भरले, तर त्या गाडीत आजीला बसवू नये.