पाटील : एका पदाचे आडनाव

आमच्या वर्गाची हजेरी घेताना 'प'च्या पानावर आले की सरांना गती कमी करावी लागते. नुसते 'पाटील' म्हटले तर चार-पाच जण एकदम 'हजर' म्हणतात. मग नाव, वडिलांचे नाव, आणि तेही जुळलेच तर गाव. एरंडोल, धरणगाव, पारोळा, अमळनेर या पट्ट्यात कोणत्याही शाळेत हेच चालते. परप्रांतातून आलेल्या माणसाला वाटते की ही सारी एकाच भाऊबंदकीतली मंडळी असावीत. प्रत्यक्षात त्यांत मराठा असतात, लेवा असतात, गुजर असतात, राजपूत असतात; एकमेकांशी सोयरीक तर दूरच, कुळाचाही संबंध नसतो. असे कसे झाले, याचा थोडा शोध घ्यावा म्हणून हा लेख.

'पाटील' हा शब्द मुळात कुळाचे नाव नाही. ते गावच्या मुख्याचे पद आहे. शब्दाचे जुने रूप 'पट्टकिल'. आपल्या उत्तरेला लागून असलेल्या माळव्यात परमार राजांनी दहाव्या-अकराव्या शतकांत जे ताम्रपट दिले, त्यांत दानाची आज्ञा गावातले रहिवासी आणि पट्टकिल यांना उद्देशून आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही राजाला गावाशी बोलायचे झाले तर ते या माणसाच्या द्वारे. गुजरातेत याच शब्दाचा 'पटेल' झाला. इंग्रजांनी कागदोपत्री आपल्या पाटलालाही 'पटेल'च लिहिले.

पाटलाचे काम काय, हे त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात तपशिलाने लिहिले आहे. सारा वसूल करणे, गावाचा बंदोबस्त ठेवणे, तंटे मिटवणे, ओस जमीन लागवडीला आणणे. त्याबद्दल इनाम जमीन आणि हक्क, शिवाय मानपान. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळीला पहिली पोळी कोणाची, यावरून पिढ्यान्पिढ्या भांडणे झाली आहेत. पाटीलकी हे वतन होते, म्हणून ते वारशाने येई, भावांत वाटले जाई, प्रसंगी विकलेही जाई. महादजी शिंद्यांसारखा दिल्लीपर्यंत दरारा असलेला पुरुष स्वतःला 'पाटील' म्हणवून घेण्यात भूषण मानी, ते कण्हेरखेडच्या पाटीलकीच्या बळावर. पण लक्षात घ्यावे की त्यांचे आडनाव शिंदेच राहिले. पद वेगळे, कूळ वेगळे, हा भेद त्या काळी स्पष्ट होता.

पद आडनाव होण्याचा हा प्रकार आपल्याकडेच आहे असे नाही. स्कॉटलंडमध्ये बाराव्या शतकात डेव्हिड राजाने वॉल्टर नावाच्या सरदाराला आपल्या घराचा कारभारी, म्हणजे 'स्टुअर्ड', नेमले. ते पद घराण्यात वंशपरंपरेने चालले आणि त्याचेच 'स्टुअर्ट' हे आडनाव झाले. १३७१ साली याच घराण्यातला रॉबर्ट गादीवर बसला, १६०३ मध्ये त्यांच्या वंशजाला इंग्लंडचेही राज्य मिळाले. कारभाऱ्याचे राजे झाले, पण नाव कारभाऱ्याचेच! फरक इतकाच की स्कॉटलंडच्या राजाचा मुख्य कारभारी एक. आपल्याकडे मात्र प्रत्येक गावाला एक पाटील. जितकी गावे तितकी पाटलांची मूळे. म्हणूनच 'पाटील' हे नाव ऐकून वंशाचा काही बोध होत नाही.

मग पद कुळाच्या नावावर बसले केव्हा? माझ्या मते इंग्रजी अमलातल्या लेखनाच्या सवयीने. १८१८ नंतर खानदेश कंपनीकडे आला. पुढे १८७४ च्या वतन कायद्याने वतनदारांच्या नोंदी पक्क्या झाल्या. प्रत्यक्ष काम करणारा प्रतिनिधी एक, पण वतनात वाटा असलेले भाऊबंद अनेक. शाळेच्या दाखल्यात मुलाचे, बापाचे आणि आडनाव असे तीन रकाने भरायचे आले, तेव्हा मास्तरांनी विचारले आणि बापाने मोठ्या अभिमानाने 'पाटील' सांगितले. कुळाचे नाव, सोनवणे, बोरसे, देवरे, साळुंखे, पवार, जे काही असेल ते, घरातच राहिले.

ते घरात राहिलेले नाव लग्नाच्या वेळी बाहेर येते. सोयरीक जुळवताना म्हातारी माणसे आधी विचारतात, 'कोनता गावना पाटील?' आणि मग कूळ, देवक. एकाच कुळात लग्न होऊ नये म्हणून हे विचारावेच लागते. पण आता पत्रिका छापताना दोन्हीकडे 'पाटील'च छापतात, आणि माझ्या बरोबरीच्या कित्येकांना आपले कूळ सांगता येत नाही. आजोबांना ठाऊक असते, वडिलांना अंधुक आठवते, तिसऱ्या पिढीत संपते. मला यातली हानी मोठी वाटते, कारण कुळाचे नाव फार जुने असू शकते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा शके ११२८ चा शिलालेख आहे. तिथे त्या वेळी राज्य होते निकुंभ घराण्याचे. खानदेशात निकुंभ आडनाव आजही आहे. त्या राजांशी आजच्या निकुंभांचे नाते जोडणे धाडसाचे ठरेल. पण आठशे वर्षे एक नाव त्याच मुलखात टिकून आहे. उद्या एखाद्या निकुंभाने दाखल्यावर 'पाटील' लावले असते तर हा धागाच तुटला असता.

पाटलांसारखेच चौधरी आणि महाजन. ही दोन्हीही मूळची मानाची पदे. बहिणाबाई आसोद्याच्या महाजनांच्या घरी १८८० साली जन्मल्या आणि जळगावच्या चौधरींकडे दिल्या; म्हणजे एका पदातून दुसऱ्या पदात गेल्या. त्या लेवा समाजातल्या. आमच्या एरंडोलचे महाजन विचाराल तर पुष्कळसे माळी. गावावरून पडलेल्या नावांची तऱ्हा आणखी निराळी. एरंडोलात राहणाऱ्याला कोणी एरंडोलकर म्हणत नाही. गाव सोडून गेल्यावरच माणूस एरंडोलकर होतो.

१९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेची महसुली पाटीलकी गेली. इनाम गेले, सारा वसुली तलाठ्याकडे गेली. उरला तो पोलीस पाटील. १९६७ च्या कायद्याखाली त्याची नेमणूक सरकार करते आणि त्यासाठी आता लेखी परीक्षा असते. त्यामुळे गावात पाटील आडनावाची घरे गल्लीभर आणि प्रत्यक्ष पाटीलकी करणारा सोनवणे, महाजन किंवा भिल्ल समाजातला एखादा तरुण, हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. काही गावांत तर पोलीस पाटील बाई आहेत.