तलावातील क्लोरिन जातो कोठे?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला आणि लोणावळा-मावळ भागात बंगले भाड्याने देण्याच्या धंद्याला वेग आला. तुंगार्ली, वळवण, कुसगावपासून थेट कार्ला, कामशेत आणि पवनेच्या काठापर्यंत आज शनिवार-रविवारसाठी बंगले मिळतात. फोनवर गिऱ्हाईक भाड्याआधी पोहण्याच्या तलावाची चौकशी करते. आमच्या कापड व्यवसायातील काही मंडळींनीही बचतीचा पैसा अशा बंगल्यांत घातला आहे. त्यांची एक तक्रार सारखी कानावर येते : औषध डब्यामागून डबे टाकतो, पण तपासणीत क्लोरिन जवळजवळ शून्य!

हा प्रश्न नुसता खर्चाचा नाही. पाण्यात मोकळा क्लोरिन नसेल तर एका मुलाच्या अंगावरचे, पोटातले जंतू दुसऱ्याच्या नाकातोंडात जातात. जुलाब, कानाचा ठणका हे त्याचे नेहमीचे परिणाम. त्रास सुरू होतो तो मंगळवारी-बुधवारी, पाहुणे आपल्या घरी परतल्यावर. त्यामुळे बंगल्याच्या मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

क्लोरिनशी आम्हा कापडवाल्यांची ओळख जुनी. फ्रान्समधील बर्थोले या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ साली क्लोरिनने कापड पांढरे होते हे दाखविले आणि ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ साली ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले. त्यापूर्वी कोरे कापड पांढरे करण्यासाठी आठवडेच्या आठवडे उन्हात पसरून ठेवावे लागे. पाणी शुद्ध करण्याचे काम या पावडरीकडे पुढे आले. धुलाईच्या कारखान्यात एक नियम पाळतात : कापडातील खळ आधी काढा, मग ब्लीच लावा. खळ राहिली तर ब्लीच तिच्यावरच खर्च होते आणि कापड पिवळट राहते. तलावाचेही असेच आहे. आपण टाकलेला क्लोरिन जंतूंपर्यंत पोहोचण्याआधी कोणी खाल्ला, हे शोधायचे असते. त्यासाठी जमाखर्च मांडावा लागतो.

प्रथम जमेची बाजू. तलावाची लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये घेऊन गुणाकार करावा व त्याला १००० ने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ४०,००० लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्यात १ पीपीएम क्लोरिन वाढवायला निव्वळ ४० ग्रॅम क्लोरिन लागतो. परंतु बाजारातला कोणताही माल निव्वळ क्लोरिन नसतो. ताज्या ब्लीचिंग पावडरीत साधारण ३० ते ३५ टक्के, कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या दाण्यांत ६५ ते ७०, टीसीसीएच्या गोळ्यांत सुमारे ९० आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात जेमतेम १० ते १२ टक्के उपलब्ध क्लोरिन असतो. म्हणजे शून्यावरून ३ पीपीएमवर आणायचे तर ३० टक्क्यांची पावडर ४०० ग्रॅम हवी. पावडरीचे पोते जूनपासून ओलसर खोलीत उघडे पडून ती १५ टक्क्यांवर आली असेल, तर त्याच ४०० ग्रॅममध्ये दीडच पीपीएम मिळतो. लोणावळ्याच्या दमट हवेत पावडर फार लवकर मरते. कॅनमधले द्रावण उन्हात ठेवले तर तेही मरते. स्वस्त मिळते म्हणून वर्षाचा साठा करणारे गृहस्थ वास्तविक महाग माल घेत असतात. महिन्याचाच माल घ्यावा, पोत्यावरील उत्पादनाची तारीख पाहावी आणि तो हवाबंद डब्यात, सावलीत, घराबाहेरील कोरड्या जागेत ठेवावा.

पावडर सरळ तलावात टाकण्याची पद्धतही चुकीची. तिच्यात चुना असतो. पाणी गढूळ होते आणि पीएच चढतो. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्यावे, मग पावडर कालवून गाळ बसू द्यावा आणि वरची निवळीच वापरावी.

दुसरे, तराजू खरा आहे का ते पाहावे. ज्या थेंबांनी पाणी पिवळे होते त्या ऑर्थोटोलिडिनच्या तपासणीत मोकळा आणि बांधलेला असा दोन्ही क्लोरिन एकत्र दिसतो. घाम व लघवीतील द्रव्यांशी संयोग पावलेला क्लोरिन जंतू मारण्याच्या कामी फारसा येत नाही, पण पिवळा रंग मात्र देतो. म्हणून गुलाबी रंग देणारी डीपीडीची तपासणी घ्यावी. तिच्यातही एक खोच आहे. क्लोरिन फारच जास्त असला तर गुलाबी रंग स्वतःच ब्लीच होतो, रंगीत कापडावर ब्लीच सांडल्यासारखा, आणि पाणी स्वच्छ पाहून माळी समजतो की क्लोरिन नाही. तो आणखी दोन डबे ओततो. शंका आली तर नमुन्यात तेवढेच क्लोरिन नसलेले बाटलीचे पाणी मिसळून पुन्हा तपासावे व आलेला आकडा दुप्पट धरावा.

आता खर्चाची बाजू. येथे एक सोपी परीक्षा आहे आणि ती करण्यापूर्वी कोणतेही नवे औषध विकत घेऊ नये. सूर्य मावळल्यावर क्लोरिन ३-४ पीपीएम करावा, पंप तासभर चालवून आकडा लिहावा. पंप रात्रभर चालू ठेवावा, तलावात कोणी उतरू नये आणि पहाटे ऊन पडण्याआधी पुन्हा तपासावे. रात्रीत १ पीपीएमहून अधिक घट झाली तर पाण्यात क्लोरिन खाणारे काही आहे. रात्री घट नाही पण दुपारपर्यंत सारे संपते, तर चोर सूर्य आहे.

रात्रीचा चोर बहुधा शेवाळ असतो. पाणी हिरवे दिसण्याच्या आधीपासून तो खात असतो. भिंतीवर हात फिरवला तर बुळबुळीत लागते. शिडीच्या मागे, दिव्याच्या खोबणीत, फिल्टरच्या वाळूत तो लपतो. पानांचा कुजका थर हा दुसरा. तिसऱ्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते : लॉनवर टाकलेला युरिया पहिल्या सरीबरोबर वाहत तलावात उतरतो आणि क्लोरिन गिळतो. तलावाच्या कडेने छोटी नाली काढली तर हा खर्च कायमचा वाचतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर भरल्या भरल्या क्लोरिन त्यावर खर्ची पडतो आणि पाणी तांबूस होते. घासणे, गाळ ओढून काढणे, फिल्टरला उलटे पाणी देऊन धुणे, हे आधी. नंतर मोठी मात्रा, आणि ती आकडा टिकेपर्यंत. अर्धवट मात्रा रोज देत राहणे म्हणजे व्याज भरायचे आणि मुद्दल तसेच ठेवायचे.

पाण्याला झोंबणारा वास येतो म्हणजे क्लोरिन जास्त झाला, हा समज उलटा आहे. तो वास बांधलेल्या क्लोरिनचा असतो, मोकळा कमी पडल्याची ती खूण आहे. रविवारी वीस-पंचवीस माणसे डुंबून गेली की असे होते. बांधलेला क्लोरिन जितका, त्याच्या सुमारे दहापट क्लोरिन एका वेळी दिला तर तो मोडतो. हे काम रविवारी संध्याकाळी पाहुणे गेल्यावरच करावे. पण बहुतेक बंगल्यांत विजेचे बिल वाचवायला सोमवारी पंप बंद होतो, शुक्रवारी रात्री औषध पडते आणि शनिवारी सकाळी मुले उड्या मारतात. पाच दिवस साचलेल्या पाण्याला एका रात्रीत पवित्र करण्याचा हा प्रकार मला मुळीच पटत नाही. पंप रोज सहा-आठ तास चाललाच पाहिजे.

दिवसाच्या चोराची गोष्ट लोणावळ्यापुरती वेगळी आहे. उघड्या पाण्यातील क्लोरिन भर उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक उडून जातो. त्याला आडोसा म्हणून सायन्युरिक आम्ल वापरतात. ते ३० ते ५० पीपीएम असावे. टीसीसीएच्या गोळ्यांतून हे आम्ल आपोआप येते, प्रत्येक १ पीपीएम क्लोरिनमागे सुमारे ०.६. रोज २ पीपीएम क्लोरिन गोळ्यांतून दिला तर शंभर दिवसांत १२० पीपीएम आम्ल साचते, कारण ते उन्हाने उडत नाही. इतके साचले की क्लोरिन त्याच्याच बगलेत अडकून पडतो. आकडा २ दिसतो पण शेवाळ मरत नाही. १०० पीपीएम आम्ल असेल तर मोकळा क्लोरिन ७-८ तरी लागतो. एप्रिल-मे महिन्यांतील तक्रारी बहुधा याच असतात. त्यावर औषध नाही. अर्धे पाणी काढून नवे भरणे एवढाच इलाज, आणि पुढे गोळ्यांऐवजी द्रावण किंवा दाणे.

मग पावसाळा येतो. लोणावळ्यात वर्षाला साधारण ४,००० मिलिमीटर, म्हणजे चार मीटर पाऊस पडतो आणि आपला तलाव सव्वा मीटर खोल. तलावाच्या खोलीच्या तिप्पट पाणी आभाळातून पडून काठावरून वाहून जाते. मिसळत मिसळत वाहते म्हणून प्रत्येक सव्वा मीटर पावसामागे जुन्या औषधाचे साठ टक्क्यांहून अधिक जाते. सप्टेंबरअखेर आम्ल जवळजवळ उरत नाही. ऑक्टोबरचे कडक ऊन पडले की सकाळचा क्लोरिन दुपारी शून्य, आणि मालक पावडरवाल्याला दोष देतो. वरील तलावात ३० पीपीएमसाठी १२०० ग्रॅम सायन्युरिक आम्ल एकदाच द्यावे. ते सावकाश विरघळते, म्हणून कापडी पिशवीत घालून पाणी आत येते त्या तोंडापाशी टांगावे.

पीएचचा येथे उल्लेख हवा. तो क्लोरिनचा आकडा बदलत नाही, पण त्याची ताकद बदलतो. ७.२ ला मोकळ्या क्लोरिनचा सुमारे दोन-तृतीयांश भाग जोमदार रूपात असतो, ८ ला जेमतेम एक-चतुर्थांश. ७.२ ते ७.६ ठेवावा. आम्ल जास्त साचलेले नसेल तर मोकळा क्लोरिन १ ते ३ पुरतो. मात्रा जास्त झालीच तर धुलाईवाल्यांचा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, थोडा थोडा टाकून उतरवता येतो. मात्र तो अंदाजाने ओतला तर पुढचा क्लोरिनही तोच खातो.

ही सारी रसायने हाताळतो तो बंगल्याचा माळी, मालक नव्हे. त्याला हातमोजे, चष्मा आणि वेगवेगळी मापे घेऊन द्यावीत. पावडर व ॲसिड एकत्र आले की विषारी क्लोरिन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्र येथे सैनिकांवर सोडला तो हाच. टीसीसीए आणि पावडर एकाच मापाने काढली तर आग किंवा स्फोटही होऊ शकतो. दोन्ही डबे वेगळ्या खोल्यांत असावेत, आणि डब्यांवरील अक्षरे माळ्याला वाचता येतील अशा भाषेत, मोठी लिहावीत.