संगणक प्रणालीचे विभाजन : केव्हा आणि किती?

मीरा-भाईंदर परिसराने अवघ्या सतरा वर्षांत स्थानिक स्वराज्याच्या तीन पायऱ्या ओलांडल्या. १९८५ साली ग्रामपंचायतींच्या विलीनीकरणातून तेथे नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. ग्रामपंचायतीस १९५८ चा, नगरपरिषदेस १९६५ चा, तर महानगरपालिकेस १९४९ चा अधिनियम लागू होतो. म्हणजेच घर तेच राहिले, पण त्यावरील कर आकारणीचा कायदा दोनदा बदलला. कार्यालयासाठी संकेतस्थळ तयार करून घेणाऱ्यांनी ही वस्तुस्थिती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

प्रकल्प आणि घटक

अमेरिकेतील लॉरेन्स या गावच्या एका दैनिकाच्या कार्यालयात २००३ साली ‘जँगो’ या संगणकीय चौकटीचा जन्म झाला. २००५ साली ती सर्वांना खुली करण्यात आली. तीत संपूर्ण संकेतस्थळास ‘प्रकल्प’ आणि त्यातील एकेका कामाच्या भागास ‘ॲप’, म्हणजेच घटक, म्हणतात. एका प्रकल्पात अनेक घटक असू शकतात आणि एकच घटक अनेक प्रकल्पांत वापरता येतो. मात्र कोणता भाग वेगळा काढावा, हे यंत्र सांगत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते.

तीन कसोट्या

पहिली कसोटी अशी की, घटकाचे काम एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ‘तक्रार नोंदवून तिचा निपटारा होईपर्यंत मागोवा घेणे’ हे असे काम आहे. सांगताना ‘आणि शिवाय’ म्हणावे लागले, तर तेथे दोन कामे एकत्र झाली आहेत असे समजावे.

दुसरी कसोटी पुनर्वापराची. तक्रार नोंदणीचा घटक महानगरपालिकेत व ग्रामपंचायतीत सारखाच उपयोगी पडेल. कर आकारणीचे तसे नाही. तिचे नियम कायद्यागणिक भिन्न आहेत. म्हणून आकारणीचे नियम स्वतंत्र ठेवावेत, म्हणजे कायदा बदलला तरी उर्वरित प्रणालीस हात लावावा लागणार नाही.

तिसरी कसोटी स्वावलंबनाची. दोन भाग पदोपदी एकमेकांकडे माहिती मागत असतील, तर ते वस्तुतः एकच आहेत. त्यांना तोडल्यास प्रत्येक दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते.

नोंदींची दक्षता

समजा, इंद्रलोक वसाहतीतील दुकानाचा एक गाळा विकला गेला. मालमत्ता कर विभाग व परवाना विभाग यांनी मालकांच्या याद्या वेगवेगळ्या ठेवल्या असतील, तर नवीन मालकास दोन खिडक्यांवर अर्ज करावे लागतील. आणि एका ठिकाणी बदल राहून गेल्यास देयक जुन्या मालकाच्या नावे निघत राहील. यास्तव मिळकत व मालक यांची नोंद एकाच घटकात असावी आणि इतरांनी ती तेथूनच घ्यावी.

तथापि, आरंभीच वीस तुकडे करण्याचा मोहही टाळावा. पडद्यावरील पाने पुढे केव्हाही वेगळी करता येतात. मात्र हजारो नागरिकांच्या नोंदी साठल्यावर त्या एका घटकातून दुसऱ्या घटकात हलविणे कष्टाचे व जोखमीचे असते. म्हणून नोंदींची मांडणी प्रथम ठरवावी. बाकीचे विभाजन दुसऱ्या ठिकाणी खरोखर गरज भासेल तेव्हा करावे.

हा निर्णय केवळ तंत्रज्ञांवर सोपवू नये. कोणता नियम बदलणारा आहे आणि कोणती नोंद टिकणारी आहे, हे कार्यालयातील अनुभवी लिपिक व ग्रामसेवकच अधिक जाणतात. कार्यादेश देण्यापूर्वी त्यांना विचारले, तर जनतेचा पैसाही वाचेल आणि नागरिकांचे हेलपाटेही.