मोर्चाआधी तलाठ्याकडे जा

पुरंदरच्या विमानतळविरोधी समितीतले आमचे पाहुणे भेटले की विचारतात, "दादा, तुम्ही मावळवाले. पुढं कसं करायचं?" मी लोणावळ्याचा. 9 ऑगस्ट 2011 ला पवना बंद जलवाहिनीविरोधात बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले, त्या गर्दीत मीही होतो. पोलिसांच्या गोळीबारात कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे गेले. काम थांबलं; त्यावरची स्थगिती शासनाने उठवली ती थेट 2023 मध्ये. म्हणून सांगतो, रस्त्यावर उतरण्याला माझी ना नाही; पण हायवे अडवायची हाक देणाऱ्याने बायाबापड्या घरी परत आणायची जबाबदारीही घ्यावी. गुन्हे पोरांवर पडतात आणि कोर्टाच्या तारखांना पुढारी येत नाहीत.

आता कागदाचं. नोटीस कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी वाचा. 2013 च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला 60 दिवस मिळतात. पुरंदरच्या सात गावांना मात्र औद्योगिक विकास महामंडळाचा 1961 चा कायदा लावला. त्याची वाट निराळी. हरकत प्रत्येक खातेदाराने आपापली, गट नंबर घालून द्यावी. एका अर्जाखाली गावभर सह्या घेतल्या की साहेबाच्या टेबलावर ती एकच हरकत ठरते. पोच घेताना शिक्का, तारीख, आवक नंबर बघूनच पायऱ्या उतरा.

मोजणीवर बहिष्कार घालायचा की नाही, यावर गावोगाव भांडणं होतात. माझं मत स्पष्ट आहे: विरोध करा, पण बांधावर हजर राहून करा. आमच्याकडे एकाच्या सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचंच नाव होतं, विहीर भावकीत सामाईक, आंबे कुठेच नोंदलेले नाहीत आणि पीकपाहणीत रान 'पडीक'. मोजणीला घरचं कुणी नव्हतं. झाडांचा मोबदला मागायला गेला तर दाखवायला कागदच नाही. पुरंदरात अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत. झाडन् झाड ई-पीक पाहणीत चढवा, फोटो काढा.

समितीत कोण बसतो तेही बघा. प्रकल्पाची कुणकुण लागताच साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र घेऊन हिंडणारे एजंट येतात. त्यांना जमीन वाचवायची नसते, दर वाढवायचा असतो. वर्गणीचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवा; फूट पडते ती बहुतेक वेळा तिथूनच.

विरोधाने काहीच होत नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. चाकण-खेडकडचा विमानतळ शेतकऱ्यांच्या विरोधानंतर 2016 मध्ये पुरंदरला गेला; तिथेही 2,800 हेक्टरांहून मोठा आराखडा पुढे सुमारे 1,285 हेक्टरांवर आला.

वारस नोंद राहिली असेल तर उद्याच अर्ज टाका. फेरफाराच्या नोटिशीलाच 15 दिवस जातात.