हिरवळीतील नको असलेले गवत : आधी ओळख, मग औषध

महाराष्ट्रात उद्याने, शाळांची पटांगणे व क्रीडांगणे येथे हरळीची हिरवळ लावण्याची प्रथा रूढ आहे. या हरळीचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. शेतकरी तिला चिवट तण मानतो, गणेशपूजेत ती दूर्वा म्हणून वाहिली जाते आणि माळी तिचेच जिवापाड जतन करतो. जी वनस्पती जेथे नको तेथे ती तण, एवढाच तणाचा अर्थ. तणनाशक निवडताना हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

निवडकपणा म्हणजे काय?

एका वनस्पतीला मारून दुसरीला अपाय न करणाऱ्या रसायनास निवडक तणनाशक म्हणतात. १९४० च्या दशकात पुढे आलेले २,४-डी हे त्याचे परिचित उदाहरण. ते रुंद पानांच्या तणांचा नाश करते. गवतवर्गीय वनस्पतींत मात्र त्याचे वहन कमी होते आणि त्याचे विघटनही होते. ॲट्राझीन मक्याला बाधत नाही, कारण मका ते आपल्या पेशींत निष्प्रभ करू शकतो.

हिरवळीत खरी अडचण उभी राहते ती गवतात गवत वाढले म्हणजे. सोयाबीनमधील गवत मारणारे क्विझालोफॉप इथाइल हिरवळीवर फवारल्यास नको असलेल्या गवताबरोबर हरळीही जळेल. ग्लायफोसेट तर निवडक नाहीच.

लव्हाळ्याचा प्रश्न

लव्हाळा गवतासारखा दिसला तरी गवत नाही. त्याचा दांडा तिधारी असतो. बोटांत फिरवून पाहिल्यास तो सहज ओळखता येतो. उपटल्यास दांडा तुटतो, जमिनीतील गाठी मागे राहतात व पुन्हा फुटतात. उसातील लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक भारतात नोंदलेले आहे; काही देशांत ते हिरवळीतही वापरतात. तथापि वेष्टनावर ज्या वापराचा उल्लेख नाही, तो तज्ज्ञांना विचारल्यावाचून करू नये. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांचा सल्ला याकामी घ्यावा.

फवारणीपूर्वी

तणाचे बी बहुधा न कुजलेले शेणखत व बाहेरून आणलेली माती यांतून येते. म्हणून खत पूर्ण कुजलेले असावे. पावसाळ्यात तणाला बी धरण्यापूर्वी कापणी करावी. मात्र हिरवळ अगदी मुळाशी कापू नये. उघड्या पडलेल्या जमिनीवर तणांचे फावते. तुरळक तण खुरप्याने मुळासकट काढणे हाच स्वस्त व सुरक्षित उपाय होय.

फवारणी करावीच लागली तर तण कोवळे असताना, वारा शांत असताना व पावसाचा संभव नसताना करावी. कापूस, द्राक्ष व टोमॅटो ही पिके २,४-डी च्या अल्पशा अंशानेही वेडीवाकडी होतात. उद्यानातील फवारा वाऱ्याबरोबर कुंपणापलीकडच्या मळ्यात गेला, तर शेजाऱ्याचा हंगाम बुडू शकतो. तणनाशकाचा पंप स्वतंत्र ठेवावा; तो कीटकनाशकासाठी वापरू नये.

वेष्टन वाचावे

कीटकनाशक अधिनियम, १९६८ तणनाशकांनाही लागू आहे. वेष्टनावरील त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा व हिरवा रंग विषारीपणाची उतरती श्रेणी दाखवितो. सोबतच्या पत्रकात मात्रा, विषबाधेची लक्षणे व प्रथमोपचार दिलेले असतात. फवारणाऱ्या कामगारास ते वाचून दाखविणे आणि त्याला हातमोजे, मुखपट्टी व पायांत बूट देणे, ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे.

हिरवळीवर मुले लोळतात, गुरांसाठी कापलेले गवत नेले जाते, गणेशोत्सवात तेथूनच दूर्वाही खुडल्या जातात. म्हणून फवारलेल्या जागेवर ठळक फलक लावावा आणि पत्रकात सांगितलेली मुदत संपेपर्यंत तेथे कोणालाही जाऊ देऊ नये. त्या हिरवळीतील गवत जनावरांना घालू नये व दूर्वाही तेथून घेऊ नयेत. औषध निवडक असले, तरी तण ओळखण्याची व सावधगिरीची जबाबदारी माणसाचीच राहते.