समुपदेशकाची वही कोणाच्या कपाटात?

हल्ली काही कचेऱ्या-कारखान्यांत कामगारांसाठी समुपदेशक नेमतात. सोय चांगली आहे. पण समजा, अकोल्याच्या एखाद्या कारखान्यातील फिटरला कर्जाच्या काळजीने रात्र-रात्र झोप नाही. समुपदेशकाची खोली साहेबांच्या केबिनला लागून, आणि भेटीला येणाऱ्यांची वही हजेरी घेणाऱ्या बाबूच्या टेबलावर. तो जाईल का? आपल्या वऱ्हाडात अकोल्याला सकाळी बोललेले दुपारच्या गाडीने बडनेऱ्याला पोचते! मग तो दुखणे अंगावर काढतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. कलम २३ नुसार मानसिक आजाराची व उपचाराची माहिती उपचार करणाऱ्यांनी गुप्तच ठेवायची असते. जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची भीती, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. साहेबांचे कुतूहल त्यांत बसत नाही. आजार नसून नुसते टेन्शन असले, तरी चांगला समुपदेशक हेच पथ्य पाळतो.

समुपदेशकाचा पगार कंपनी देते, म्हणून साहेबांनी नोंदी चाळाव्यात असे नाही. त्यांना महिन्याचा आकडा पुरे. तोही जपून, पाच जणांच्या खात्यात ‘एक जण आला’ म्हटले तरी नाव फुटते. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारावे, “मॅडम, तुम्ही काय लिहिता? कुठे ठेवता? कोण वाचते?” यात उद्धटपणा नाही.

उत्तर पटले नाही, तर ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. १४४१६ वर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतून बोलता येते.