अकरावीत निघालेल्या भाचीस

चि. सोनू,


ऑगस्टपासून तू एपी यूएस हिस्टरी घेणार आहेस, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. मला मनापासून आनंद झाला. तिच्या आवाजात थोडी काळजीही होती: गणित आणि केमिस्ट्री आहेच, त्यात हा कॉलेजच्या दर्जाचा इतिहास झेपेल का? न्यू जर्सीच्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये मी हा वर्ग बरीच वर्षं शिकवला आहे. तुझ्या शिक्षकांना तुझ्याकडून काय हवं असेल ते मला ठाऊक आहे. फोनवर यातलं निम्मंच सांगून झालं असतं, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट वाचनाची. कॉलेजात पहिल्या वर्षी जे शिकवतात तेच तुम्हाला शाळेत, सोळाव्या-सतराव्या वर्षी शिकवायचं, अशी या अभ्यासक्रमाची कल्पना आहे. पाठ्यपुस्तक हजार पानांच्या आसपासचं असतं. रोज रात्री पंधरा-वीस पानं वाचून यायची आणि वर्गात त्यावर बोलायचं. शिक्षक धडा वाचून दाखवत नाहीत. काळाचे नऊ भाग पाडलेले आहेत आणि पहिला १४९१ पासून सुरू होतो. कोलंबस १४९२ चा. त्याच्या आदल्या वर्षापासून सुरुवात केली की कथा जहाजावरून सुरू होत नाही, आधीपासून तिथं नांदणाऱ्या लोकांपासून होते. कुठून मोजायला लागायचं हे ठरवण्यातसुद्धा इतिहासकाराचं मत असतं. पुस्तक वाचताना हे डोक्यात राहू दे.

तू चौथीपर्यंत नाशिकला शिकलीस. शिवछत्रपतींचं ते इतिहासाचं पुस्तक तुला जवळजवळ तोंडपाठ होतं, हे मला आठवतं. ते पाठांतर वाया गेलेलं नाही. क्रम आणि सनावळी डोक्यात पक्की असलेल्या मुलीला इथं मोठा आधार मिळतो, कारण गुलामगिरीच्या वादातली १८५० ची तडजोड आधी की ड्रेड स्कॉटचा निकाल आधी, याचा घोळ झाला तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. पण गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, टिपा लिहा, या प्रश्नांची सवय इथं पुरणार नाही. त्या प्रश्नपत्रिकेतला एकच प्रश्न इथल्याच्या जवळ येतो: कारणे द्या. तिथं पुस्तकातली तीन कारणं ओळीनं लिहिली की गुण मिळायचे. इथं विचारतील की त्या तिघांत वजनदार कोणतं, आणि ते कशावरून.

म्हणजे तुला बाजू घ्यायची आहे. हे आपल्या घरातल्या मुलींना अवघड जातं. मोठ्यांनी लिहिलेल्या पुस्तकासमोर आपलं मत मांडणं आगाऊपणाचं वाटतं. माझ्या वर्गातल्या हुशार देशी मुलांचे पहिले निबंध मी वाचले आहेत. सगळी माहिती बरोबर, भाषा स्वच्छ आणि प्रतिपादन कुठंच नाही. 'यादवी युद्धानंतरच्या रिकन्स्ट्रक्शनच्या काळात अमेरिकेत अनेक बदल झाले.' या वाक्याला कोणी विरोध करू शकेल का? ज्याला विरोधच होऊ शकत नाही, त्याला प्रतिपादन म्हणत नाहीत. त्याऐवजी असं लिहून बघ: '१८६५ ते १८७७ या काळात तीन घटनादुरुस्त्यांनी काळ्या अमेरिकनांना स्वातंत्र्य आणि नागरिकत्व, तर काळ्या पुरुषांना मताधिकार दिला, परंतु सरकारनं जमीन दिली नाही आणि लष्करी संरक्षणही काढून घेतलं, त्यामुळे हे हक्क बऱ्याच अंशी कागदावर राहिले.' आता वाद घालायला जागा झाली. कोणी म्हणेल, १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हे काळे नेते मिसिसिपीतून सेनेटवर गेले, ते काय कागदावरचं होतं? या आक्षेपाला उत्तर देता देता तुझा निबंध उभा राहतो.

वर्षाअखेरच्या एपी परीक्षेचा कणा म्हणजे डीबीक्यू, म्हणजेच कागदपत्रांवर आधारलेला प्रश्न. सात कागद समोर ठेवतात: पत्र, भाषण, व्यंगचित्र, कायद्याचा मसुदा, वर्तमानपत्रातला उतारा. एक तास मिळतो, त्यातली पहिली पंधरा मिनिटं वाचायला. त्या कागदांच्या आधारे तू आपला मुद्दा सिद्ध करायचा. निदान चार कागद युक्तिवादात वापरायचे, कागदांत नसलेला एखादा पुरावा स्वतःच्या अभ्यासातून आणायचा, आणि निदान दोन कागदांबद्दल सांगायचं की ते कोणी, कधी, कोणासाठी, कशासाठी लिहिले आणि त्यामुळे त्यांचा अर्थ कसा बदलतो. हे शेवटचं काम मुलांना सगळ्यात जड जातं. 'हा लेखक पक्षपाती आहे' एवढं लिहून मुलं मोकळी होतात. पक्ष सगळ्यांनाच असतो, गं. तो कागद कशाबद्दल विश्वासानं बोलतो आणि कशाबद्दल त्याला काही सांगताच येणार नाही, हे ओळखायचं.

त्यासाठी आपल्याच घरातलं उदाहरण देते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला, कारण त्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून मुक्त केलं. ही अर्पणपत्रिका डीबीक्यूतला एक कागद आहे असं समज. १८७३ मध्ये अमेरिकेत काय चाललं होतं? एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स इथं गोऱ्या सशस्त्र जमावानं काळ्या नागरिकांची कत्तल केली. त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं स्लॉटरहाउस खटल्यात चौदाव्या दुरुस्तीचा अर्थ फार अरुंद केला. सप्टेंबरात आर्थिक अरिष्ट आलं आणि उत्तरेकडच्या लोकांचं दक्षिणेतल्या हक्कांवरचं लक्ष आणखी उडालं. मग फुले चुकले का? ज्या मुलाला साधनं वाचायची सवय नाही, तो पटकन 'हो' म्हणेल. पण बघ, हा ग्रंथ मराठीत आहे. तो वाचणारा माणूस पुण्यात, साताऱ्यात, नगरमध्ये आहे. एका देशानं एवढी जुनी गुलामी मोडली, तर आपल्या देशात शूद्रातिशूद्रांचं दास्य का मोडू नये, हा प्रश्न त्या अर्पणपत्रिकेतून आपल्याच लोकांपुढे ठेवला आहे. लुइझियानात त्या वर्षी काय घडलं, याचा पुरावा म्हणून हा कागद दुबळा आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या अंतानं साता समुद्रापलीकडं कोणाच्या मनात आशा जागवली, याचा पुरावा म्हणून तो फार भक्कम आहे. कागद तोच, प्रश्न बदलला की त्याचं वजन बदलतं. हे एकदा नीट समजलं की कुठलाही कागद समोर आला तरी तू गांगरणार नाहीस.

साधनांची ही ओढ आपल्याकडं नवी नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा करत होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. अस्सल कागदाशिवाय बोलायचं नाही हा त्यांचा आग्रह होता, आणि तुझ्या वर्गातही शिक्षक नेमकं तेच मागतील.

आणखी एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. हा दुसऱ्यांचा इतिहास आहे, आपण तो मार्कांपुरता शिकतो, असं आपल्या मुलांच्या मनात कुठंतरी असतं. तसं मानू नकोस. १७९० च्या कायद्यानं नागरिकत्व 'स्वतंत्र गोऱ्या' माणसांपुरतं ठेवलं. १८७० मध्ये ते आफ्रिकी वंशाच्या लोकांना खुलं झालं. १८८२ मध्ये चिनी मजुरांना दार बंद झालं. पंजाबातून आलेले भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. तरी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सामान्य समजुतीप्रमाणे हा माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग मिळाला आणि स्थलांतरासाठी वर्षाला शंभर जणांचा कोटा. १९६५ च्या कायद्यानं देशवार कोट्याची जुनी पद्धत गेली, आणि पुढं तुझे बाबा जिथून आले ती वाट तयार झाली. काय बदललं आणि काय तसंच राहिलं, असा प्रश्न परीक्षेत बऱ्याचदा येतो. या एका सूत्रावर तू तो लिहू शकतेस. आणि तो १९६५ चा कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेत आला, हे लिहायला विसरू नकोस. मोर्च्यांत आणि तुरुंगात गेलेल्या काळ्या लोकांचं आपल्यावर ऋण आहे.

परीक्षा मे महिन्यात असते, सव्वातीन तासांची, आता संगणकावर. पंचावन्न मिनिटांत पंचावन्न बहुपर्यायी प्रश्न, तेही बहुतेक एखाद्या उताऱ्यावर किंवा चित्रावर आधारलेले. मग तीन लहान उत्तरं, डीबीक्यू आणि चाळीस मिनिटांचा एक दीर्घ निबंध. गुण एक ते पाच. कोणत्या कॉलेजात कितीला क्रेडिट मिळतं हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. आईला ती यादी आताच शोधत बसू देऊ नकोस. माझं मत विचारशील तर वर्षभर नीट लिहायला शिकून तीन मिळवणारी मुलगी, उत्तरांचे साचे पाठ करून पाच मिळवणाऱ्या मुलीच्या पुढं आहे. हे मी तुझ्या बाबांनाही सांगेन.

वाचताना पिवळ्या मार्करनं पान रंगवू नकोस. पुस्तक मिटून, त्या भागाचं म्हणणं चार ओळींत आपल्या शब्दांत वहीत लिही. जमलं नाही तर पुन्हा वाच. निबंध दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून लिहून घेऊ नकोस. पकडली जाशील हे कारण माझ्या लेखी दुय्यम आहे. त्या तासाभरात तुझ्या डोक्यात जे घडायला हवं, तेच घडत नाही. वर्गात कोणी तुझ्या मताच्या विरुद्ध बोललं तर आधी त्याचा पुरावा विचार. पहिल्या निबंधाला बहुधा कमी गुण पडतील. शिक्षकांकडे जा, कुठं कमी पडलं ते ओळ दाखवून विचार, आणि तोच निबंध पुन्हा लिही. आणि रात्री साडेदहाला पुस्तक बंद. झोप मोडून वाचलेली पानं सकाळी आठवत नाहीत.

या सुट्टीत एवढंच कर. तेरावी, चौदावी आणि पंधरावी घटनादुरुस्ती मुळातून वाच. तिन्ही मिळून दोन पानंसुद्धा होत नाहीत. तेराव्या दुरुस्तीत शिक्षा झालेल्या गुन्हेगारांबद्दल एक अपवाद आहे, तिथं थांब आणि पुढच्या शंभर वर्षांत त्याचा उपयोग कोणी कसा केला असेल याचा विचार कर. मग एकच परिच्छेद लिही, ज्यात तुझं एक प्रतिपादन असेल आणि त्याला मूळ मजकुरातले दोन आधार असतील. इंग्रजीत लिही किंवा मराठीत, मला दोन्ही चालेल. जुलैअखेर पाठव. मी समासात प्रश्न लिहून परत पाठवीन.

तुझी,
मावशी